पालींसाठी घेतलेलं अल्ट्रासॉनिक मशीन + ग्लू पॅड, दोन महिन्यांनंतरचा रिव्ह्यू (१ स्टार)

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असलीच मशीनं दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो, त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीवर नाही तर या अख्ख्या प्रकारावर आहे असं समजा. पॅकमध्ये प्लगला लावायचं एक मशीन आणि सोबत फ्री म्हणून दोन ग्लू पॅड, म्हणजे पाय ठेवला की प्राणी अडकून बसतो असे चिकट पुठ्ठे, होते. लांबलचक लिहितेय, घाईत असाल तर एवढंच वाचा की मशीनने काहीही होत नाही आणि ग्लू पॅडने जे होतं ते मी परत बघू शकणार नाही.

घेतलं का, तर आई राहायला येणार होती आणि तिला पालीची प्रचंड भीती, म्हणजे साधी किळस नाही, पाल दिसली की ती त्या खोलीत पाऊलच टाकत नाही, रात्री पाणी प्यायला उठायचं तरी मला हाक मारते. माझ्याकडे हॉलच्या ट्यूबलाइटमागे एक, किचनच्या खिडकीपाशी एक आणि बाथरूममध्ये येऊन जाऊन असणारी एक अशा तीन पाली. बॉक्सवर लिहिलं होतं की २० ते ६५ किलोहर्ट्झचा (म्हणजे वीस ते पासष्ट हजार हर्ट्झचा) आवाज सोडतं, माणसाला ऐकू येत नाही, पाली झुरळं उंदीर सगळे दोन आठवड्यांत घर सोडतात. मला वाटलं मारायला नको, काही फवारायला नको, आपोआप जातील, यापेक्षा चांगलं काय.

पहिला आठवडा काही फरक नाही. म्हटलं ठीक आहे, दोन आठवडे लिहिलंय. दहाव्या की अकराव्या दिवशी रात्री लाइट लावला तर ट्यूबलाइटवाली पाल त्या मशीनच्याच वर पोट टेकून बसलेली, आरामात, शेपूट प्लगवर टाकून. मी हात लावून बघितलं तर मशीन कोमट होतं. मग कळलं. पाल म्हणजे सरपटणारा प्राणी, तिच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही, बाहेरून घ्यावी लागते, मग ती भिंतीची असो, दिव्याची असो, फ्रिजच्या मागची असो. थंड रात्री कोमट वस्तू मिळाली तर ती तिथेच बसणार. म्हणजे जी वस्तू तिला हाकलायला लावली होती तीच तिची शेकोटी झाली होती.

त्यानंतर मी बसून वाचलं, खरं तर घेण्याआधी वाचायला हवं होतं. पालीला कान असतात, बाहेर आपल्यासारखी कानाची पाळी नसते एवढंच, डोळ्याच्या मागे तोंडाच्या रेषेजवळ एक छोटं भोक दिसतं तो कान. आणि तिला ऐकू चांगलं येतं, पण काय ऐकू येतं ते महत्त्वाचं. पालींना साधारण काहीशे हर्ट्झपासून पाचेक हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज नीट ऐकू येतात, दहा हजाराच्या वर बहुतेक सगळ्या सरड्यापालींना फारसं काही ऐकूच येत नाही. माणसाची हद्द वीस हजारापर्यंत. मशीनचा आवाज सुरूच होतो वीस हजारावर. म्हणजे जो आवाज मलाच ऐकू येत नाही तो पालीला तर कुठूनच येणार नाही, माझ्यापेक्षा तिची हद्द खाली आहे! एवढी साधी गोष्ट आहे ही आणि तरी बॉक्सवर पालीचा फोटो छापून विकतात याचा मला खरंच राग आला. उलट उंदरांना, कुत्र्यांना तो आवाज ऐकू येतो, त्यामुळे घरात हॅमस्टर किंवा कुत्रा असेल तर त्रास त्यांना, पालीला नाही. अमेरिकेत २००१ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) अशी मशीनं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून सांगितलं होतं की जे दावे करताय त्याला शास्त्रीय पुरावा हवा. इतकी वर्षं झाली, मशीनं अजून तशीच विकली जातायत.

पाली स्वतः बोलतात हे तर आपल्याला भाषेतूनच माहीत आहे, मनात पाल चुकचुकली म्हणतो ना. ती चुकचुक म्हणजे बहुतेक वेळा नर दुसऱ्या नराला सांगत असतो की ही जागा माझी आहे, किंवा मादीला बोलावत असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत असं आवाज काढून बोलणारे कमीच, साप फुत्कारतो पण ते वेगळं, गेको म्हणजे आपल्या पालीची जी मोठी जमात आहे ती यात पुढे. जो प्राणी आवाजाने बोलतो त्याचे कान त्याच आवाजासाठी घडलेले असतात. मशीन बनवणाऱ्यांनी एवढा जरी विचार केला असता तरी हे प्रॉडक्ट बाजारात यायला नको होतं.

आता ग्लू पॅड. हा भाग लिहायला मला जड जातंय पण लिहिणार.

मशीन फेल गेलं, आईला यायला चार दिवस राहिले होते, आणि पॅड पडून होते म्हणून एक उघडून फ्रिजच्या मागे ठेवला. सकाळी साडेपाचला खसखस आवाज आला. पाल चारही पायांनी आणि हनुवटीपर्यंत चिकटलेली, शेपूट तुटून तिच्या शेजारीच पॅडवर पडलेली, ती पण चिकटलेलीच. मेली नव्हती. ग्लू पॅडवर पाल लगेच मरत नाही, हे लक्षात घ्या, ती तिथे तासन् तास, कधी दिवसभर जिवंत असते, तहानेने आणि धडपडून थकून मरते. बॉक्सवर यातलं एक अक्षर नाही, तिथे फक्त ‘केमिकल-फ्री, सुरक्षित’ लिहिलंय.

मी आधी तो पॅड तसाच कचऱ्यात टाकणार होते, हे कबूल करते, पण तिचा गळा वरखाली होत होता आणि ते बघून हात पुढे गेला नाही. मग शोधलं तर कळलं की तेलाने ग्लू सुटतो. घरातलं साधं खायचं तेल, आणि इअरबड. पॅडवर पालीभोवती आधी कागद चिकटवून टाकला म्हणजे सुटलेला पाय परत चिकटायला नको, मग एक एक पाय घेऊन इअरबडने तेल लावत, बोटांखाली हळूच सरकवत, ओढायचं अजिबात नाही, ओढलं तर कातडी निघते. पाऊण तास लागला. नाकाला आणि तोंडाला तेल लागू द्यायचं नाही कारण श्वास बंद होतो. या पाऊण तासात मी आयुष्यात पहिल्यांदा पाल एका वितीच्या अंतरावरून बघितली.

आधी डोळा. पालीला पापणी नाही. डोळ्यावर एक पारदर्शक झाकण असतं, घड्याळाच्या काचेसारखं, कायमचं बसवलेलं, त्यामुळे डोळा मिटताच येत नाही. मग धूळ बसली की काय करायचं, तर जीभ बाहेर काढून सरळ डोळ्यावरून फिरवायची. हनुवटी सुटल्यावर तिने पहिलं काम तेच केलं, गुलाबी रुंद जीभ, आधी एका डोळ्यावर मग दुसऱ्या, वायपर फिरावा तशी. बाहुली उभी, मांजरासारखी, आणि मी टॉर्च जवळ नेला तशी ती सुतासारखी बारीक झाली. अंधारात तीच बाहुली एवढी मोठी उघडते की आपल्याला जिथे सगळं करडं दिसतं तिथे काही गेकोंना रंग ओळखता येतात, २००४ साली हेल्मेट गेको नावाच्या जातीवर प्रयोग करून हे दाखवलं गेलं, अंधुक चांदण्याएवढ्या उजेडात तिने निळा आणि करडा वेगळा ओळखला. ज्या उजेडात मला माझा हात नीट दिसत नाही त्या उजेडात!

मग कान. टॉर्च दुसऱ्या बाजूने धरलेला होता आणि कानाचं भोक आतून लालसर उजळलं, मी दचकलेच. वाचल्यावर कळलं की बऱ्याच गेकोंच्या डोक्यात एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोकळी वाट असते, दोन्ही पडदे आतल्या हवेने जोडलेले, त्यामुळे उजेड आरपार येतो, आणि त्यामुळेच एवढ्याशा डोक्यालाही आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं.

आणि पाय. आपल्याला लहानपणापासून वाटतं की पालीच्या पायाला गोंद असतो किंवा हवा ओढणाऱ्या वाट्या असतात. दोन्ही नाही. बोटाखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या प्रत्येक पट्टीवर केसांची गर्दी, टोके नावाच्या मोठ्या गेकोच्या एका पायावर असे साधारण पाच लाख केस मोजलेत, आणि एकेका केसाला पुढे शेकडो फाटे. ते फाटे इतके बारीक की भिंतीच्या कणांच्या अगदी जवळ जातात आणि कणाकणांत जी मुळातली ओढ असते, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, तिच्यावर पाल लटकते. २००२ साली हे प्रयोगाने पक्कं झालं. चिकटणं कोरडं असतं, मागे काही डाग राहत नाही, आणि सोडवायचं असेल तेव्हा ती बोटं टोकाकडून वर वळवते, सोलल्यासारखी. तेलातून सुटलेल्या पायाची बोटं ती तशीच वर वळवत होती, परत परत, सवयीने, आणि खाली ग्लू असल्यामुळे काही उपयोग होत नव्हता. हे बघितलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. निसर्गातलं सगळ्यात स्वच्छ चिकटणं ज्या प्राण्याकडे आहे त्याला आपण सगळ्यात घाणेरड्या चिकटण्यात अडकवतो.

पोट पातळ कातडीचं असतं, पलीकडचं दिसतं. उलटं करून तेल पुसताना मांड्यांच्या थोडं वर दोन पांढरे गोल दिसले, वाटाण्याएवढे. अंडी. घरातली पाल एका वेळी दोनच अंडी घालते, फटीत नाहीतर फोटोफ्रेमच्या मागे, कवच कडक असतं, आणि घालून निघून जाते, उबवणं वगैरे काही नाही, दीड-दोन महिन्यांनी उष्णतेप्रमाणे पिल्लं आपली आपण बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतः शिकार करतात. मादी नराचं बीज शरीरात कित्येक महिने साठवू शकते, म्हणजे ‘एक मारली की संपलं’ हा हिशोबही चुकीचा. त्यात पालींच्या जागा ठरलेल्या असतात, एक गेली की दिव्याजवळची मोकळी झालेली जागा दुसरी घेते.

शेपटीबद्दल सांगते कारण खूप जणांना वाटतं शेपूट तुटली म्हणजे पाल मरणार. नाही मरत. शेपटीच्या मणक्यांत आधीच तुटायच्या रेषा असतात, धोका वाटला की स्नायू आवळून ती स्वतः तोडते, रक्त फारसं येत नाही, आणि तुटलेली शेपूट काही मिनिटं वळवळत राहते म्हणजे मांजर तिच्या मागे लागतं आणि पाल सटकते. पण फुकटात काही नाही, शेपटीत तिची चरबी साठवलेली असते, म्हणजे अडचणीच्या दिवसांसाठीची शिल्लक. नवीन उगवते तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते आणि दिसायलाही जरा वेगळी, गुळगुळीत. पोटात अंडी असताना हिने ती शिल्लक त्या पॅडवर घालवली होती.

सुटल्यावर कोमट पाण्यात एक थेंब सौम्य साबण टाकून पाय आणि पोट पुसून घेतलं, तेलकट पायाने तिला भिंत चढता येत नाही. कात टाकताना पायाचे ते केसही नवे येतात, तेवढा दिलासा. दुपारभर छिद्रं पाडलेल्या खोक्यात ठेवलं आणि संध्याकाळी खिडकीबाहेरच्या भिंतीवर सोडलं. हात साबणाने दोनदा धुतले, ते तुम्हीही करा, पालीच्या विष्ठेत साल्मोनेला हे जंतू असू शकतात. विष मात्र घरातल्या पालीत नसतं, ना दातात ना कातडीत. सरड्यांच्या जातीत विषारी आहेत, अमेरिकेतला गिला मॉन्स्टर, इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन, पण ते तुमच्या ट्यूबलाइटमागे नाहीत. अन्न झाकून ठेवायचं ते जंतूंसाठी, विषाच्या भीतीने नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं, फोटो दाखवले, डोळा पुसतानाचा व्हिडिओ पण. तिची भीती गेली असं अजिबात म्हणणार नाही, अजूनही ती पाल दिसली की दारातच थांबते, पण तिने विचारलं की मग ही सगळी एकाच गटातली का ग, सरडा, घोरपड, सापसुरळी. हो, एकाच. आणि साप पण त्यातूनच निघालेले, पाय गेलेली एक फांदी. साप सोडूनही सगळे मिळून सात हजाराहून जास्त जाती, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर, मादागास्करमधल्या ब्रुकेशिया नाना नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या सरड्यापासून तीन मीटरच्या कोमोडोपर्यंत. आपली घरातली पाल तर जहाजातल्या मालाबरोबर जगभर फिरून वसलेली आहे, कारण तिला जे लागतं ते माणूस जिथे जातो तिथे करतोच, दिवा लावतो, आणि दिव्यावर किडे येतात.

आणि इथेच उपाय आहे, जो त्या बॉक्सवर कुठेच नाही. पाल तुमच्यासाठी येत नाही, किड्यांसाठी येते, डास, पतंग, झुरळाची पिल्लं, कोळी, हे तिचं जेवण. मी काय केलं, खिडकीजवळचा पांढरा दिवा काढून पिवळा लावला, त्यावर किडे कमी येतात, रात्री नको तिथले दिवे बंद, पाइप जिथून भिंतीतून बाहेर जातो ती भोकं आणि दाराखालची फट बुजवली, पाल चपटी होते, पेन्सिल जाईल एवढी फट तिला पुरते. एसीच्या पाइपचं भोक सगळ्यात मोठं निघालं, ते आधी बघा. ओट्यावर रात्री खरकटं ठेवणं बंद केलं म्हणजे झुरळं कमी. आईच्या खोलीत त्यानंतर पाल आलेली नाही. हॉलमध्ये एक आहे, ती राहू दे असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

मशीन परत पाठवलं, रिटर्नच्या कारणात ‘पालीला हा आवाज ऐकू येत नाही’ असं लिहिलं. उत्तर आलं की प्रॉडक्ट चालू स्थितीत आहे त्यामुळे रिटर्न नाकारला. चालू आहेच, लाइट लागतो त्याचा. म्हणून इथे लिहिते आहे.

अपडेट, आज बरोबर दोन महिने. बाहेरच्या भिंतीवर गेल्या आठवड्यात बुटक्या शेपटीची पाल दिसली, नवी शेपूट अर्धी आलेली, फिकट, मूळच्या भागापाशी स्पष्ट जोड दिसतो. पोट सपाट होतं. तीच का ते शंभर टक्के सांगता येणार नाही पण खिडकी तीच आणि जागा तीच.

शेवटची एक विनंती, तुमच्याकडे आधीच असे ग्लू पॅड पडले असतील तर उघडे कचऱ्यात टाकू नका. चिकट बाजू एकमेकींवर दाबून, कागदात गुंडाळून, टेप लावून टाका, नाहीतर डब्यात तोंड घालणारं मांजराचं पिल्लू किंवा चिमणी त्याला चिकटते, आणि तिच्यासाठी इअरबड आणि तेल घेऊन कोणी येत नाही.